चित्राखाली नाव कोणाचे?

(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवानिमित्त वडोदरे येथे योजलेल्या सभेत दिलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. ज्यांनी पै-पै जमवून ही वास्तू उभी केली, ज्यांनी गरजू विद्यार्थ्यांच्या फिया भरल्या, त्यांच्या सत्काराच्या दिवशी चित्रकलेवर काय बोलावयाचे? आम्ही पडलो चित्रकलेचे शिक्षक. पाने वाढून झाली असता रांगोळीची चर्चा करीत बसणारा मनुष्य पंक्तीत कोणालाच आवडत नाही. परंतु स्मरणिकेसाठी जुने फोटो निवडण्याचे काम आमच्याकडे आले आणि त्या कामातच आम्हांला आजचा विषय सापडला.

ट्रस्टच्या कपाटात दोन फोटो एकाच पुठ्ठ्यात बांधलेले होते. दोन्ही एकाच दिवशी, याच इमारतीच्या ओसरीवर काढलेले. पहिल्यात आद्य विश्वस्त व कार्यकर्ते आहेत. खाली सुरेख अक्षरांत लिहिले आहे, "बसलेले, डावीकडून उजवीकडे", आणि पुढे प्रत्येकाचे नाव, उपनाव, पदवी, हुद्दा. दुसऱ्या फोटोत नऊवारी नेसलेल्या चौदा स्त्रिया आहेत. त्याखाली दोनच शब्द आहेत, "महिला वर्ग".

या चौदा जणींनी घरोघर हिंडून मुष्टिदान गोळा केले, विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाची चूल पेटती ठेवली, हे आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. त्यांपैकी एकीचेही नाव त्या पुठ्ठ्यावर नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट होते असे मुळीच नाही. त्याला ते लिहावे असे सुचलेच नाही, इतकेच. न सुचणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नसते. आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत. आशियातील स्त्रीचे चित्र जगाने कसे काढले, आणि पुढे आशियातीलच काही स्त्रियांनी चित्रकार होऊन त्याला काय उत्तर दिले, हा आमचा विषय आहे.

प्रथम जगाचे पाहू. १८३४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी दोघा व्यापाऱ्यांनी एका चिनी तरुणीला आणले. चीनमधून आणलेला माल खपावा म्हणून त्या मालाने सजविलेल्या खोलीत तिला बसविले. तिची बांधलेली पावले, तिचे चालणे, तिचे जेवणे पाहण्यासाठी लोक पन्नास सेंट मोजून येत. तिला अफाँग मॉय म्हणत. तिचे मूळ नाव काय होते याची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे १८७५ मध्ये त्याच देशात पेज कायदा झाला. अनीतीच्या धंद्यासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांना बंदी, असे त्याचे शब्द. पण अंमल असा झाला की बोटीवर चढण्यापूर्वी प्रत्येक चिनी स्त्रीने आपण शीलवती असल्याचे परक्या अधिकाऱ्यास पटवावे. म्हणजे प्रदर्शनातील बाहुली अथवा बाजारातील स्त्री, या दोन साच्यांपलीकडे तिसरे काही त्या समाजाच्या डोळ्यांना दिसत नव्हते. पुढे नाटकांनी, संगीतिकांनी आणि बोलपटांनी हेच साचे घासूनपुसून पुन्हा पुन्हा वापरले.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. तसे ते नाही. १६ मार्च २०२१ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात व त्याच्या जवळपास एका तरुणाने मालिश-केंद्रांवर गोळीबार करून आठ माणसे मारली. त्यांपैकी सहाजणी आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. आपल्याला होणाऱ्या मोहाचे मूळ नाहीसे करावयाचे होते, असा त्याचा जबाब होता. त्या स्त्रिया कोणाच्या तरी आई होत्या, आजी होत्या, पोटासाठी राबत होत्या. त्याच्या लेखी त्या माणसे नव्हत्या, साचा होत्या. आपल्या ट्रस्टच्या कित्येक कुटुंबांतील मुली-सुना आज त्या देशात नोकरीस आहेत. तेव्हा हा विषय दूरचा आहे असे कोणी समजू नये.

आता हिंदुस्थानाकडे वळू. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपली प्रजा नीट ओळखावीशी वाटू लागली, आणि कॅमेरा हे त्या ओळखीचे नवे साधन झाले. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. फोर्ब्स वॉटसन आणि के हे त्याचे संपादक. निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे शेकडो फोटो त्यात आहेत आणि जोडीला मजकूर आहे. ही जमात कष्टाळू, ती लबाड, अमकी राजनिष्ठ, तमकी भांडखोर, असा निवाडा एखाद्या फोटोवरून साऱ्या जमातीला लागू केलेला आढळतो. त्याच सुमारास, १८६९ मध्ये, लॅम्प्रे नावाच्या इंग्रजाने माणसाचे अंग मोजण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. लाकडी चौकटीत रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांच्या चौकोनांची जाळी करावयाची आणि त्या जाळीपुढे माणसाला विवस्त्र उभे करून फोटो घ्यावयाचा, की झाली वंशांची तुलना! शिंपी माप घेतो तेव्हा निदान कपडा शिवून देतो. या मापातून ज्याचे माप घेतले त्याला काहीच मिळत नव्हते.

हे सर्व परक्यांनी केले, असे म्हणून आपल्याला मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. परंतु आता आम्ही दोन नावे घेणार आहोत, आणि दोन्ही आपल्याला प्रिय आहेत.

पहिले नाव राजा रविवर्मा यांचे. या नगरीला त्यांची ओळख करून द्यावयास नको. तंजावरच्या मराठी परंपरेतील दिवाण सर टी. माधवराव यांच्या काळात, सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकारग्रहणाच्या वेळी, १८८१ साली रविवर्मा येथे आले. पुढे महाराजांनी त्यांच्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे काढून घेतली. चित्रे छापून घरोघर पोचवावीत, ही सूचनाही माधवरावांचीच. १८९४ मध्ये मुंबईस छापखाना निघाला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि रविवर्म्यांची लक्ष्मी व सरस्वती आपल्या देवघरांत आल्या. आमच्या आजीच्या देवघरातील लक्ष्मी तीच होती. नवसाने मढविलेल्या तसबिरीपुढे हात जोडूनच आम्ही लहानाचे मोठे झालो.

याच रविवर्म्यांनी १८८९ मध्ये म्हैसूरकरांसाठी एक चित्र काढले. त्यात हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील अकरा स्त्रिया आपापल्या वेशात वाद्ये घेऊन एकत्र बसल्या आहेत. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनास त्यांनी दहा चित्रे पाठविली, तीही निरनिराळ्या प्रांतांतील व थरांतील हिंदी स्त्रियांची, आणि त्यांस तेथे पदक मिळाले. इंग्रजांच्या ग्रंथात हिणकस ठरलेली हिंदी स्त्री रविवर्म्यांनी सुंदर, शालीन, दागिन्यांनी नटलेली अशी दाखविली. हा मोठाच उपकार होय. परंतु बारकाईने पाहावे तर त्या अकराजणींची ओळख कशावरून पटते? लुगड्यावरून, नथीवरून, अंबाड्यावरून. ही मराठी, ही मल्याळी, ही मुसलमान. एकीच्याही चेहऱ्यावरून ती अमुक बाई असे कळत नाही. कुरूप साच्याच्या जागी सुरूप साचा आला, एवढेच.

दुसरे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच शिकविलेले हे थोर चित्रकार. ऑटो रॉथफील्ड नावाच्या सनदी अधिकाऱ्याने 'विमेन ऑफ इंडिया' हे पुस्तक १९२० मध्ये काढले, त्यातील अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे धुरंधरांची आहेत. रेषा किती सहज, रंग किती मृदू! विद्यार्थ्यांना रेखनाचे धडे देताना आम्ही आयुष्यभर धुरंधरांचाच दाखला दिला. तथापि चित्रांखाली जात आहे, धंदा आहे, प्रांत आहे, नाव नाही. मुंबईच्या ज्या रस्त्यांवर त्यांना या बाया दिसल्या, त्या रस्त्यांवर प्रत्येकीला हाक मारण्याजोगे नाव होतेच की!

या दोन थोर पुरुषांचा दोष काढावा हा आमचा हेतू नाही. आम्ही स्वतः त्याच दोषाचे धनी आहोत. आमच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता असे, 'भारतातील स्त्रिया'. पंजाबी, बंगाली, तमिळ आणि नथ घातलेली मराठी. एका वर्षी एका लहान मुलीने विचारले, "ही कोण?" आम्ही म्हटले, "मराठी बाई." ती म्हणाली, "हो, पण तिचं नाव काय?" वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि तिला खाली बसविले. ती पुन्हा उठून म्हणाली, "माझी आई मराठी आहे, पण अशी दिसत नाही." तेव्हाही आम्ही हसलोच. तिच्या या दोन प्रश्नांवर विचार करण्यास आम्हांला निवृत्त व्हावे लागले.

त्या मुलीला पडलेले प्रश्न काही चित्रकर्त्रींनाही पडले होते, आणि त्यांनी त्यांची उत्तरे कुंचल्याने व कॅमेऱ्याने दिली. त्यांपैकी तिघींची हकीकत आज सांगतो.

पहिली अमृता शेरगिल. वडील शीख सरदार, आई हंगेरियन. जन्म १९१३ मध्ये बुडापेस्टला, चित्रकलेचे शिक्षण पॅरिसला. त्या वेळी पॅरिसात गोगँ या चित्रकाराचा मोठा दबदबा होता. हा गृहस्थ १८९१ मध्ये ताहिती बेटावर गेला आणि तेथील सावळ्या तरुणींची पुष्कळ चित्रे त्याने काढली. ती पाहून युरोपातील लोकांची समजूत झाली की पूर्वेकडील व दक्षिण समुद्रातील स्त्री म्हणजे आळसावलेली, भोळी, पाहणाऱ्यासाठीच जन्मलेली. अमृताला गोगँ आवडत असे. पण पॅरिसमध्ये तिच्याकडेही लोक याच नजरेने पाहत, हे तिच्यासारख्या तल्लख मुलीच्या लक्षात येणारच. १९३४ साली, एकवीस वर्षांची असताना, तिने स्वतःचेच चित्र काढले आणि त्याला नाव दिले 'ताहितीच्या स्त्रीच्या रूपातील आत्मचित्र'. त्यात ती गोगँच्या नायिकांप्रमाणेच उघड्या अंगाने उभी आहे. पण हात समोर एकमेकांवर धरलेले, चेहरा गंभीर, नजर आपल्याकडे नाही, बाजूला कोठेतरी. तिच्या मागे भिंतीवर एका पुरुषाची सावली पडली आहे. पाहणारा कोण, हे एरवी चित्रात कधी दिसत नाही. येथे त्याची सावलीच चित्रात आली. पाहिली जाणारी आणि रंगविणारी एकच झाली, आणि पाहणाऱ्याला प्रथमच आपण पकडलो गेल्यासारखे वाटले.

ते वर्ष संपता संपता अमृता हिंदुस्थानात परतली. १९३५ मध्ये तिने तीन मुलींचे चित्र काढले. तीन तरुण मुली, झगझगीत रंगांची वस्त्रे, खाली गेलेल्या नजरा. दागिन्यांचा थाट नाही, प्रांताची खूण नाही. आहे तो तिघींच्या मनावरचा भार, आणि तो प्रत्येकीचा वेगळा. १९३७ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीने या चित्राला सुवर्णपदक दिले. १९४१ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोर येथे ती वारली.

दुसरी हुंग लिऊ, चीनची. चांगचुन शहरात १९४८ साली तिचा जन्म झाला. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत तिला चार वर्षे खेड्यात शेतमजुरीस धाडण्यात आले. १९८४ मध्ये ती चित्रकला शिकण्यास अमेरिकेत गेली. तेथे परक्या नागरिकाला राहण्याचा सरकारी परवाना मिळतो. १९८८ मध्ये तिने आपला तो परवाना भिंतीएवढा मोठा करून रंगविला. त्यावर फोटो तिचाच, अंगठा तिचाच. नाव मात्र लिहिले 'कुकी, फॉर्च्यून'. अमेरिकेतील चिनी खानावळींत जेवणानंतर भविष्याची चिठ्ठी घातलेले जे बिस्किट देतात, त्याचे हे नाव. चीनमध्ये त्या बिस्किटाची परंपरा नाही. ते चिनी म्हणून खपते अमेरिकेत. "तुम्हांला मी नको, तुमच्या कल्पनेतील चिनी बाई हवी, मग घ्या, हे तिचे नाव," असेच जणू ती म्हणते. जन्मवर्षही तिने १९४८ ऐवजी १९८४ घातले. ज्या वर्षी ती त्या देशात उतरली त्या वर्षीच त्या देशाच्या दृष्टीने तिचा जन्म झाला!

पण तिचे याहून थोर काम पुढचे आहे. १९९१ मध्ये ती चीनला गेली असता तिला विसाव्या शतकाच्या आरंभीचे काही फोटो मिळाले. ते होते कुंटणखान्यातील मुलींचे, गिऱ्हाइकांना निवड करता यावी म्हणून काढलेले. सुंदर पोशाख, मागे रंगविलेला पडदा, हातात फूल वा पंखा. नावे नाहीत, असलीच तर धंद्यासाठी ठेवलेली. हुंग लिऊने त्या मुली माणसापेक्षा मोठ्या आकारात रंगविल्या. त्यांच्याभोवती तिने पक्षी, फुले, वर्तुळे काढली, आपण समाधीवर फुले वाहतो तशी. आणि ओल्या रंगावर जवसाचे तेल सोडले. रंग ओघळून खाली आले. लांबून पाहावे तर वाटते, चेहरा अश्रूंतून दिसतो आहे, अथवा काळाच्या पावसात पुसत चालला आहे. त्या मुलींची नावे तिला परत मिळवून देता आली नाहीत. तरी गिऱ्हाइकाच्या नजरेतून काढून तिने त्यांना नात्यातल्या माणसांसारखे भिंतीवर मान देऊन लावले. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे निधन झाले. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन उघडले. ते तिला पाहावयास मिळाले नाही.

तिसरी चित्रकर्त्री आपल्या या नगरीचीच विद्यार्थिनी होय. पुष्पमाला एन. या मूळच्या बंगळूरच्या. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात त्यांनी शिल्पकला शिकून १९८५ मध्ये एम. ए. केले. हा विभाग १९५० साली सुरू झाला आणि त्याच्या प्रारंभीच्या उभारणीत इंदूरचे आपले नारायण श्रीधर बेंद्रे यांचा मोठा वाटा होता, हेही येथे सांगावेसे वाटते. शिल्पकार म्हणून नाव मिळाल्यावर पुष्पमालाबाई कॅमेऱ्याकडे वळल्या; पण कॅमेऱ्याच्या मागे नव्हे, पुढे.

२००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्त्रीच्या जोडीने त्यांनी एक चित्रमाला केली. नाव ठेवले 'दक्षिण हिंदुस्थानातील नेटिव स्त्रिया: रीतिरिवाज व चालीरीती'. हे नाव मुद्दामच जुन्या साहेबी ग्रंथांच्या धर्तीचे आहे. दक्षिणेकडील स्त्रीची जी चित्रे लोकांच्या मनात ठसली आहेत ती त्यांनी वेचून काढली. रविवर्म्यांची चांदण्यातील नायिका, त्यांच्या छापखान्याची कमळावरील लक्ष्मी, विजापूरच्या जुन्या चित्रातील योगिनी, सिनेमातील नायिका, वृत्तपत्रातील अटक झालेल्या बायका, आणि साहेबाने मोजमापासाठी उभी केलेली निलगिरीची तोडा स्त्री. मग तेच पडदे रंगवून घेतले, तेच कपडे, तेच दागिने, तोच प्रकाश. आणि प्रत्येक चित्रात स्वतः पुष्पमालाबाई उभ्या राहिल्या.

त्या चित्रमालेतील लक्ष्मी पाहून आमची काय अवस्था झाली, ती खरी खरी सांगतो. प्रथम आम्ही रागावलो. देवघरातील तसबिरीची ही थट्टा की काय, असे वाटले. मग पुन्हा पाहिले. रंगवलेला पडदा रंगवलेलाच दिसत होता. त्यांनी तो लपविला नव्हता. आणि लक्ष्मीच्या जागी एक मध्यमवयीन, ओळखता येणारी बाई उभी होती. तेव्हा आमच्या ध्यानात आले की रविवर्म्यांपुढेही अशीच कोणी तरी बाई उभी राहिली असेल. तिचे पाय दुखले असतील, तिला घरची आठवण आली असेल. शंभर वर्षे आपण तिला हात जोडले, परंतु ती कोण हे कधी विचारले नाही. ही थट्टा नव्हती. पडद्यामागील त्या बाईची ती आठवण होती.

आणि तोडा स्त्रीचे चित्र पाहावे. मागे चौकटींचा पडदा, मोजमापाची ती जुनी साहेबी तऱ्हा. परंतु मोजली जाणारी बाई आता शिकलेली आहे, तिने इतिहास वाचला आहे आणि तिने स्वतःच हा पडदा टांगला आहे. जाळी तीच, पण माणूस जाळीत मावत नाही, हे पाहणाऱ्यास लख्ख दिसते. शिवाय सर्व चित्रांत तीच बाई! लक्ष्मीही तीच, गुन्हेगारही तीच, तोडाही तीच. मग रूपावरून स्वभाव ओळखण्याचे ते आठ खंडी शास्त्र कोठे राहिले?

या तिघींच्या कामातून आम्ही एक गोष्ट शिकलो, आणि तीच आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. आपल्यावर कोणी वाईट साचा लादला की आपण चांगला साचा पुढे करतो. कोणी आपल्या स्त्रीला भोगवस्तू म्हटले की आपण तिला देवी म्हणतो. कोणी अडाणी म्हटले की गृहलक्ष्मी म्हणतो. भावना चांगली, पण देवीलाही कोणी तिचे मत विचारीत नाही. वाईट साच्याचे औषध चांगला साचा हे नव्हे. साच्याच्या जागी एक माणूस उभे करावे, आणि तिचे नाव विचारावे. अमृताने तेथे स्वतःला उभे केले, पुष्पमालाबाईंनीही तेच केले. हुंग लिऊला ज्यांची नावे मिळाली नाहीत, त्यांचा निदान चेहरा तिने जपला.

आता आपल्या घरचे बोलू. आपल्या वार्षिक संमेलनात मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. दर वर्षी एखादे मूल अंगाला काळा रंग फासून, कमरेला पाने बांधून 'आदिवासी' होऊन येते, आणि आपण टाळ्या वाजवितो. येथून थोड्याच अंतरावर छोटा उदेपूरकडे राठवा लोक राहतात. घराच्या भिंतींवर पिठोऱ्याची घोड्यांची अशी चित्रे ते काढतात की चित्रकाराने पाहत राहावे. त्यांच्या मुली आज महाविद्यालयांत शिकतात. त्यांपैकी एखादी आपल्या सभागृहात बसलेली असती तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या काय? ईशान्येकडून शिकण्यास आलेल्या मुलीला रस्त्यावर 'चिनी' म्हणून हाक मारणारे लोक आपल्या ओळखीचे नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण सांगू शकेल? लॅम्प्रेच्या जाळीचे दोरे आपल्याही हातात आहेत. परदेशात आपल्या मुलीकडे कोणी साच्यातून पाहू नये असे वाटत असेल, तर त्याचा आरंभ या व्यासपीठावरून झाला पाहिजे. पुढील संमेलनात मुलांनी 'आदिवासी' वा 'बंगाली बाई' होऊ नये; ज्या व्यक्तीविषयी त्यांनी काही वाचले आहे तिचे रूप घ्यावे आणि तिच्याविषयी दोन वाक्ये बोलावीत, अशी सूचना आम्ही विश्वस्तांपुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

आणि शेवटी त्या फोटोविषयी. गेले दोन महिने आम्ही तो घेऊन घरोघर फिरलो. एका वृद्ध मावशींनी चष्मा कपाळावर चढवून, फोटो डोळ्यांजवळ धरून एकदम बोट टेकविले. म्हणाल्या, "ही आमची काकू. हिला सगळे अमक्याची बायको म्हणत. नाव कोणी घेतच नसे. थांबा, आठवते." त्यांनी डोळे मिटले. आम्ही वाट पाहत बसलो. चहा निवाला. बऱ्याच वेळाने त्यांनी नाव सांगितले, माहेरचेही आणि सासरचेही, आणि पदराने डोळे पुसले. "साठ वर्षांत हे नाव माझ्या तोंडून आज निघाले," असे त्या म्हणाल्या.

या रीतीने आजवर चौदापैकी नऊ नावे लागली. पाच राहिली आहेत. ज्यांना ती ठाऊक होती ती माणसे एक एक करून जात आहेत, आणि उशीर झाला तर आपल्यालाही हुंग लिऊप्रमाणे नुसत्या चेहऱ्यांवर फुले वाहण्याची वेळ येईल. म्हणून कार्यवाहांना आम्ही विनंती केली आहे की स्मरणिकेत हा फोटो पुन्हा छापावा. त्याखाली 'महिला वर्ग' हे शब्द नसावेत. "बसलेल्या, डावीकडून उजवीकडे" असे लिहून मिळालेली नऊ नावे घालावीत आणि उरलेल्या पाच जागा कोऱ्या सोडाव्यात. स्मरणिका घरी नेल्यावर ते पान आजीपुढे, मावशीपुढे, आत्यापुढे धरावे. त्यांना वेळ द्यावा. नाव आठवण्यास वेळ लागतो. आठवले की त्या कोऱ्या जागी शाईने लिहावे आणि ट्रस्टच्या कार्यालयास कळवावे.

फोटो या सभागृहाच्या दाराशी लावून ठेवला आहे. जाताना तो प्रत्येकाने पाहावा. उजवीकडून तिसऱ्या बाईने लुगड्याचा पदर खोचला आहे आणि ती हसते आहे. ती कोण, हे आपल्यापैकी कोणाला तरी माहीत असेलच.